घर गहाण ठेवण्याआधी लेकीची पॉलिसी उघडून वाचा

सांगलीहून आलेलं पत्र, थोडं आवरून:

"माझं वय ५६. सहकारी साखर कारखान्यात अभियंता आहे, दोन वर्षांनी निवृत्ती. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिची सात वर्षं शिल्लक. हातात येणारा पगार माझा ९८ हजार, तिचा ६२ हजार. घरखर्च ७० हजार. मुलगी २१ वर्षांची, यंदा मेकॅनिकल इंजिनिअर झाली. कोल्हापुरात कार्टिंगपासून सुरुवात केली, गेली दोन वर्षं कोईम्बतूर आणि चेन्नईला एलजीबी फॉर्म्युला ४ मध्ये धावते, दोनदा पोडियमवर आली. यावर वर्षाला साधारण ६ लाख जातात. सरावासाठी कधी कधी घरची गाडीही ट्रॅकवर नेते. आता युरोपातल्या एका संघाने फॉर्म्युला ४ च्या हिवाळी मालिकेत सीट देऊ केली आहे, खर्च ६० हजार युरो. घर ८५ लाखांचं आहे. त्यावर ६० लाखांचं तारण कर्ज १० टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी मिळतंय. पीएफ ३८ लाख, एफडी १४ लाख. एकदा तिकडे नाव झालं की प्रायोजक मिळतील असं एका ब्रँडिंग सल्लागाराचं म्हणणं आहे, त्याची आगाऊ फी ४ लाख. विम्याची बाजू भक्कम आहे: मुलीच्या नावे तीन पॉलिसी, वर्षाला १ लाख ८० हजार हप्ता, पाच वर्षं भरले. शिवाय २५ लाखांची अपघात पॉलिसी आणि कारखान्याचा मेडिक्लेम. धाकटा बारावीला आहे. कर्ज घेऊ, की पीएफमधून काढू?"

नमस्कार. दोन्ही नको.

या उत्तराला फार आकडेमोड लागत नाही. ६० लाखांना दहा वर्षं १० टक्क्यांनी हप्ता पडतो महिना ७९ हजार. दोन वर्षांनी तुमचा पगार थांबला की घरात येणार पत्नीचे ६२ हजार आणि पीएफच्या पेन्शनचे काही हजार. घरखर्च आणि हप्ता मिळून जाणार दीड लाख. वर्षाला दहा लाखांच्या आसपास खड्डा. पीएफ आणि एफडीचे मिळून ५२ लाख पाचेक वर्षांत संपतील. व्याज आणि पगारवाढ धरली तर आणखी एखादं वर्ष ओढाल. म्हणजे तुम्ही ६३-६४ चे व्हाल तेव्हा हातात शिल्लक नाही, पत्नीही निवृत्त, आणि कर्जाची दोन-तीन वर्षं बाकी. या हिशेबात धाकट्याच्या कॉलेजचा रुपयाही नाही. तुमच्या पत्रातही त्याच्या वाट्याला तीनच शब्द आले आहेत.

शिवाय ६० लाख बाहेर पाठवायला ६० लाख पुरत नाहीत. अशा कामासाठी परदेशी पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तुमच्या बाबतीत ते झाले १० लाख. रिटर्न भरल्यावर ते कराशी वळते होतील किंवा परत येतील, पण पाठवायच्या दिवशी खिशात ७० लाख हवेत.

कर्जाचं इथे संपलं. आता पत्रातल्या ज्या वाक्याने मला खरी काळजी लावली त्याबद्दल: "विम्याची बाजू भक्कम आहे."

तुम्ही पत्रासोबत अपघात पॉलिसीच्या अर्जाची प्रत जोडली, हे फार बरं केलंत. अर्जात व्यवसाय लिहिलाय "विद्यार्थिनी". धोकादायक खेळ किंवा मोटार शर्यतीत भाग घेता का, या प्रश्नापुढे "नाही". दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत धावणाऱ्या मुलीच्या अर्जावर! एजंटाने टॅबवर अर्ज भरला, ओटीपी मागितला, आणि तुम्ही दिलात, असं तुम्हीच लिहिलं आहे. "हो लिहिलं तर हप्ता वाढेल" हे त्याचं सांगणं तुम्हाला सोयीचं वाटलं. त्याचं कमिशन त्याला मिळालं. उद्या दावा लागला तर तो नामंजूर झाल्याचं पत्र तुमच्या हातात येईल. मला या माणसाचा मनापासून राग येतो, कारण मुलगी काय करते हे त्याला पक्कं माहीत होतं.

तो प्रश्न खरा भरला असता तरी साध्या अपघात पॉलिसीत शर्यतीतला अपघात बहुधा वगळलेलाच असतो. कारखान्याच्या मेडिक्लेमचंही पाहा. विमा नियामक आयआरडीएआयने आरोग्य विम्यासाठी जे प्रमाण अपवाद ठरवून दिले आहेत, त्यांत नवव्या क्रमांकावर साहसी आणि धोकादायक खेळ आहेत, आणि त्यात मोटार रेसिंग नाव घेऊन लिहिलंय. व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली इजा असेल तर उपचाराचा खर्च मिळत नाही. तुम्ही म्हणाल, ती कुठे व्यावसायिक आहे, आम्हीच पैसे भरतो. तो युक्तिवाद करता येईल. पण बक्षिसाची रक्कम घेतली, अंगावरच्या सूटवर प्रायोजकाचं नाव आलं, की कंपनी तिला व्यावसायिकच म्हणणार, आणि हा वाद तुम्ही आयसीयूच्या बाहेर बसून घालत असाल. घरची गाडी ट्रॅकवर नेणं तर आजच बंद करा. गाडीच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा भाग असतो, त्यात शर्यत आणि वेगचाचणी दोन्ही बाहेर ठेवलेल्या असतात.

तीन आयुर्विमा पॉलिसींचं थोडं वेगळं आहे. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार पॉलिसीला तीन वर्षं झाली की अर्जातल्या चुकीच्या माहितीवरून ती नाकारता येत नाही. तुमची पाच झाली, मूळ विमा टिकेल. पण त्यांना जोडलेले अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाचे रायडर वेगळे. त्यांच्या अटींतच शर्यत वगळलेली असेल, तर अर्ज कितीही जुना झाला तरी ती जोखीम आत येत नाही. आणि रेसिंगमध्ये जास्त भीती मृत्यूपेक्षा मोडलेल्या मनगटाची, मणक्याची, वर्षभर घरी बसण्याची आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मकाऊच्या फॉर्म्युला ३ शर्यतीत सोफिया फ्लॉर्श या १७ वर्षांच्या जर्मन मुलीची गाडी ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या वेगात हवेत उडून कुंपणापार गेली. मणक्याचं हाड मोडलं, काही तासांची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी ती त्याच मकाऊत पुन्हा धावली. ती परत उभी राहिली याचा मला आनंद आहेच, पण आर्थिक नियोजक म्हणून मी पहिला विचार करते तो दवाखान्याच्या बिलाचा आणि मायदेशी आणण्याच्या खर्चाचा. आपल्याकडेही, जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेतल्या अपघातात के. ई. कुमार हे अनुभवी चालक गेले. तुमची लेक त्याच ट्रॅकवर धावते. तिला थांबवा असं मी म्हणत नाही. ट्रॅकवर इजा झाली तर आज तिच्यामागे विम्याचा एक रुपयाही खात्रीने उभा नाही, एवढं तुम्हाला कळलं पाहिजे.

तेव्हा या आठवड्यात तीन पत्रं पाठवा. अपघात विमा कंपनीला: अर्जात चूक झाली आहे, ती राष्ट्रीय पातळीवर रेसिंग करते, जादा हप्ता घेऊन संरक्षण देता का? कदाचित पॉलिसी रद्द करतील. करू देत. दावा नाकारणाऱ्या पॉलिसीपेक्षा नसलेली पॉलिसी बरी, निदान तुम्ही दुसरी शोधाल. दुसरं पत्र आयोजकांना आणि देशातल्या मोटार शर्यतींच्या महासंघाला, म्हणजे एफएमएससीआयला: स्पर्धेच्या लायसन्ससोबत आणि शर्यतीच्या दिवशी चालकाला नेमकं किती संरक्षण आहे, उपचारासाठी किती, अपंगत्वासाठी किती, सराव त्यात धरला आहे का. तिसरं तिच्या सध्याच्या संघाला: गाडीचं नुकसान झालं तर बिल कोणाचं आणि कमाल किती? तुमच्या पत्रात हा शब्दच नाही. युरोपातल्या त्या ६० हजारांतही तो धरलेला आहे का ते पाहा. बहुतेक करारांत नुकसान चालकाच्या माथी असतं, आणि मोसमात दोन मोठे धक्के बसले की बजेट कोलमडतं.

कोणीच विमा देत नाही असं निघालं, तर १४ लाखांच्या एफडीतले १० लाख तिच्या उपचारांसाठी बाजूला काढा. त्यातून टायर आणायचे नाहीत, प्रवेश फी भरायची नाही. आणि कारखान्याचा मेडिक्लेम तुमच्या निवृत्तीबरोबर जाईल, म्हणून चौघांची स्वतःची आरोग्य पॉलिसी आत्ताच घ्या. अर्जात तुमची साखर, रक्तदाब आणि तिचं रेसिंग, सगळं खरं लिहून. ट्रॅकवरचं नाही मिळणार, पण डेंग्यूचं आणि अपेंडिक्सचं मिळेल.

आता त्या तीन पॉलिसींचा पैसा. एकवीस वर्षांची, कोणीही जिच्या कमाईवर अवलंबून नाही अशी मुलगी, तिच्या आयुष्यावर १८ लाखांचा विमा आणि वीस वर्षांचा हप्ता. "करिअर फंड" म्हणून विकला. एजंटाने मुदतीअंती ६२ लाख दाखवले आहेत, त्यातला बराचसा भाग बोनसचा, म्हणजे हमी नसलेला. ते सगळे मिळाले तरी परतावा पाच टक्के. तेवढाच हप्ता सात टक्क्यांनी कुठेही ठेवला असता तर ७९ लाख झाले असते. शिवाय हे ६२ लाख येतील तेव्हा तुम्ही ७१ चे आणि ती ३६ ची. रेसिंगचं करिअर घडवायला तोवर उशीर झालेला असेल.

मग सरेंडर करा का? लगेच हो म्हणणार नाही, कारण हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. नऊ लाख भरलेत, सुमारे साडेचार हातात येतील. ते आणि उरलेले हप्ते सात टक्क्यांनी गुंतवले तर पंधरा वर्षांनी ६०-६१ लाख होतात. म्हणजे नुकसान होऊन गेलेलं आहे, ते आता भरून निघत नाही. तरीही मी बंद करा म्हणते, कारण दोन वर्षांनी वर्षाला १ लाख ८० हजार तुम्ही भरू शकणार नाही. तेव्हा नाइलाजाने बंद करण्यापेक्षा आज सरेंडरची आणि पेड-अपची (हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवण्याची) दोन्ही रक्कम लेखी मागवा आणि निर्णय घ्या. सुटलेला महिना १५ हजार धाकट्याच्या नावाने एसआयपीत किंवा रिकरिंगमध्ये टाका.

प्रायोजकांच्या आशेबद्दल. जेमी चॅडविकने फक्त महिलांची डब्ल्यू सिरीज २०१९, २०२१ आणि २०२२ अशी तिन्ही वेळा जिंकली. तिथे चालकांना पैसे भरावे लागत नव्हते, विजेतीला पाच लाख डॉलर मिळत. एवढं करूनही तिला फॉर्म्युला ३ किंवा २ ची सीट मिळाली नाही, ती अमेरिकेत इंडीकारच्या खालच्या पायरीवरच्या इंडी एनएक्सटी मालिकेत गेली. मालिकेचेच पैसे संपले, २०२२ चा मोसम अर्धवट थांबला आणि २०२३ मध्ये कंपनी बुडाली. कोलंबियाची तातियाना काल्देरोन २०२२ मध्ये इंडीकारमध्ये पोहोचली होती. मोसमाच्या मध्यात प्रायोजकाचे पैसे येईनात आणि तिची गाडी उभी राहिली. २०२३ मध्ये महिलांसाठीची एफ१ अकॅडमी मालिका सुरू झाली, तेव्हा प्रत्येक गाडीमागे फॉर्म्युला वनने दीड लाख युरो घातले, आणि तरी चालकाला तितकेच स्वतः आणायचे होते. रुपयांत सुमारे दीड कोटी. तुमचे ६० हजार युरो या शिडीची पहिली पायरीसुद्धा पूर्ण चढवत नाहीत. युरोपात फॉर्म्युला ४ मध्ये पंधरा-सोळाची मुलं असतात, ही २१ ची. हे ऐकायला कठोर आहे, पण तिला हे सीट विकणारा संघ सांगणार नाही. त्या ब्रँडिंग सल्लागाराला आगाऊ काहीही देऊ नका. प्रायोजक आणला तर त्यातला टक्का घे म्हणा, तो मागे हटेल.

तिच्यासाठी रस्ता बंद आहे असं मात्र मला अजिबात वाटत नाही. सिंगल सीटरचं, म्हणजे फॉर्म्युलाच्या एकआसनी गाड्यांचं, वय लवकर सरतं, सलून म्हणजे रस्त्यावरच्यासारख्या गाड्यांचं नाही. पुण्याच्या डायना पंडोले यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंगचं सलून गटाचं विजेतेपद मिळवलं, भारतात हे करणारी पहिली महिला, आणि तेव्हा त्यांना दोन मुलं होती. स्नेहा शर्मा विमान चालवण्याची नोकरी सांभाळून रेसिंग करत आली. २०२२ पासूनच्या इंडियन रेसिंग लीगमध्ये प्रत्येक संघात एक जागा महिला चालकाची असते. युरोपच्या एका हिवाळ्यापेक्षा त्या जागेसाठी निवड व्हावी म्हणून इथे दोन मोसम नीट धावणं शहाणपणाचं.

आणि ती मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत! चाकण-पिंपरीत गाड्यांच्या कंपन्या, पुण्यात वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय, इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा अकरा किलोमीटरचा वेगवान ट्रॅक. गाडी हद्दीपर्यंत चालवता येणारा आणि नंतर टेलिमेट्री, म्हणजे गाडीतल्या सेन्सरांच्या नोंदी, वाचून इंजिनिअरांशी बोलता येणारा माणूस व्हेइकल टेस्टिंगला हवा असतो. तिने या वर्षीच अर्ज करावेत. पगार सुरू झाला की तिचा स्वतःचा पीएफ, स्वतःचा गट विमा, आणि रेसिंगला स्वतःचे पैसे.

तुमच्याकडून वर्षाला ६ लाख, फक्त निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं. महिन्याला ते ५० हजार होतात, घरखर्च वजा जाता ९० उरतात, म्हणजे जमतं. त्यानंतर तुमच्याकडून शून्य. हे तिला आज सांगा, दोन वर्षांनी नको. सध्याच्या मोसमाची पुढची फेरी विम्याचं उत्तर हातात आल्यावरच, किंवा निदान ते १० लाख वेगळे ठेवल्यावर. युरोपच्या संघाला नकार कळवताना एक विचारून ठेवा: पूर्ण मालिकेऐवजी एका दिवसाची चाचणी काय भावाने देतात? तो खर्च एफडीच्या उरलेल्या ४ लाखांत बसत असेल आणि विम्याचा कागद आधी मिळत असेल, तर तेवढ्यासाठी तिला जरूर जाऊ द्या.