वाचकांचे प्रश्न : निशा, तिचे वडील आणि प्रतिनिधित्वाचे ओझे

प्रश्न : दिग्दर्शिका इराम हक यांचा ‘व्हॉट विल पीपल से’ हा २०१७ चा नॉर्वेजियन चित्रपट आमच्या चित्रपट-मंडळात दाखवला गेला. ऑस्लोतील पाकिस्तानी कुटुंबातली निशा मित्रासोबत सापडते आणि वडील तिला बळजबरीने पाकिस्तानात नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात. अल्पसंख्याक मुलगी नायिका झाली याचे काहींना कौतुक वाटले, तर काहींना ही संपूर्ण समाजाची बदनामी वाटली. अशा चित्रपटातील प्रतिनिधित्व कसे तपासावे?

उत्तर : दोन्ही मतांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की हा चित्रपट नॉर्वेतील समस्त पाकिस्तानी समाजाच्या वतीने बोलतो. एखाद्या गोऱ्या नॉर्वेजियन कुटुंबातला बाप पडद्यावर मारकुटा निघाला, तर तो सगळ्या नॉर्वेजियन बापांवरचा आरोप आहे असे कोणी म्हणत नाही. हे ओझे अल्पसंख्याकांच्याच कथेवर पडते, आणि ते आधी उतरवून ठेवल्याशिवाय परीक्षण नीट होत नाही.

त्यानंतर पाहावे ते हे की, पडद्यावरच्या माणसाला स्वतःचे मन आणि त्या मनातल्या विसंगती मिळाल्या आहेत का. आदिल हुसेन यांनी साकारलेल्या वडिलांना त्या भरपूर मिळाल्या आहेत. वाढदिवसाच्या मेजवानीत मुलीसोबत नाचणारा हा माणूस पुढे तिला कड्याच्या टोकावर उभी करून उडी मारायला सांगतो, आणि तरीही या दोन प्रसंगांतली माणसे वेगळी वाटत नाहीत. या भूमिकेसाठी हुसेन यांना २०१८ मध्ये नॉर्वेचा आमंडा हा चित्रपट-पुरस्कार मिळाला, तो रास्तच होता. आईचे पात्र मात्र एकसुरी राहिले आहे. तिच्या कठोरपणामागचे भय कुठून आले, हे विचारायला पटकथा थांबत नाही. निशाचे गोरे मित्र आणि बालकल्याण यंत्रणेतील कर्मचारी तर जवळजवळ पार्श्वभूमीच आहेत. (बहुसंख्याकांचे चित्रणही प्रतिनिधित्वच असते, हे अशा चर्चांत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.)

कथा कोण सांगते, हेही महत्त्वाचे आहे. हक यांचा जन्म १९७६ चा. चौदाव्या वर्षी त्यांना स्वतःला कुटुंबाने पाकिस्तानात नेऊन सुमारे दीड वर्ष ठेवले होते. त्यामुळे बाहेरच्याने केलेले चित्रण हा आक्षेप येथे टिकत नाही. मात्र मूळ अनुभव १९९० च्या आसपासचा आहे आणि चित्रपटातली निशा मोबाइल वापरणारी आजची मुलगी आहे. पाकिस्तानी कामगार नॉर्वेत साठच्या दशकाच्या अखेरीपासून येऊ लागले. १९७५ मध्ये सरकारने कामगारांचे स्थलांतर थांबवल्यावर मुख्यतः त्यांची कुटुंबे येत राहिली. त्या पहिल्या पिढीची धास्ती आजच्या घरात जशीच्या तशी ठेवल्याने मधल्या काळात त्या समाजात झालेले बदल चित्रपटातून गळाले आहेत. माझ्या मते बदनामीच्या तक्रारीत काही तथ्य असेल, तर ते येथे आहे. शिवाय पाकिस्तानातील प्रसंग भारतात चित्रित झाले, आणि त्या गल्ल्यांना विशिष्ट गावाची ओळख कमी व धोक्याची छाया अधिक मिळाली.

तुलनेसाठी नॉर्वेजियन दिग्दर्शक दाग यूहान हाऊगेरूद यांचा, २०२५ मध्ये बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा ‘ड्रीम्स’ पाहावा. त्यात ऑस्लोतली शाळकरी मुलगी ज्या शिक्षिकेच्या प्रेमात पडते, ती भूमिका सेलोमे एमनेतू या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली आहे, आणि कथेचा भार तिच्या वर्णावर नाही. पण तेवढ्यावरून तो अधिक पुरोगामी ठरत नाही. वर्णामुळे वाट्याला येणारे अनुभव त्यात जवळजवळ येतच नाहीत. मंडळात पुन्हा चर्चा होणार असेल, तर ती निशाच्या आईच्या प्रसंगांपासून सुरू करावी, कारण ते पात्र एकसुरी असल्याने बदनामीचा प्रश्न सर्वांत आधी तेथेच तपासून पाहता येईल.