वाचकांचे प्रश्न : बाटलीतली साखर आणि सरकारचा अधिकार

गोड पेयांवर सरकारने निर्बंध घालावेत का, या विषयावर गेल्या अंकात पत्रे मागवली होती. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी 66 वर्षांचा सेवानिवृत्त बँक कर्मचारी आहे. नाटकाच्या मध्यंतरात थंडगार कोलाची एक बाटली घेणे, एवढीच माझी चैन उरली आहे. परदेशांत पेल्याच्या मापावर बंदी आणि साखरेवर कर, तर आपल्याकडे शीतपेयांवर 40 टक्के कर. उद्या वडापाव किती खावा हेही मंत्रालयातून ठरणार का? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : प्रौढ माणसाने स्वतःच्या पैशाने काय प्यावे याचा निवाडा सरकारने करू नये, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र ज्या निर्बंधांची तुम्हाला धास्ती वाटते, त्यांतील बहुतेक पिणाऱ्यावर नसून विकणाऱ्यावर असतात. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य मंडळाने 2012 मध्ये असा नियम केला, की उपाहारगृहांत आणि चित्रपटगृहांत 16 औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे 473 मिलिलिटरपेक्षा, मोठ्या पेल्यात गोड पेय विकले जाऊ नये. कोणाला दोन पेले घ्यायचे असतील तर त्याला आडकाठी नव्हती. तरीही मार्च 2013 मध्ये, अंमलबजावणीच्या आदल्याच दिवशी, न्यायालयाने नियम रोखला आणि 2014 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अवैध असल्याचे कायम केले. हा निकाल व्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर दिला गेला नाही. असा धोरणात्मक निर्णय लोकनियुक्त नगर परिषदेने घ्यायचा असतो, नेमलेल्या मंडळाने नव्हे, एवढ्यावरच तो आधारलेला होता. मला तो योग्य वाटतो, कारण लोकांच्या ताटात आणि पेल्यात हात घालणारा नियम निदान लोकप्रतिनिधींच्या उघड चर्चेतून यायला हवा.

आता निवडीचे पाहू. अंधेरी-मालाडच्या एखाद्या मल्टिप्लेक्समध्ये मध्यंतरात काउंटरपाशी उभे राहून पाहा. फलकावर कॉम्बो ठळक रंगांत असतो आणि सर्वांत लहान पेला कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. तो मागितलाच, तर आतला मुलगा नम्रपणे म्हणतो, ‘‘सर, थोडेसेच जास्त पडतील, लार्ज करून देऊ?’’ त्याला तसे सांगण्याची सूचना असते. मागे रांग वाढलेली असते आणि आपण मान हलवतो. अशा वेळी पेल्याचे माप आपण ठरवले, असे म्हणणे जरा धाडसाचे ठरेल. विकणाऱ्याने आपल्या निवडीला दिलेला धक्का चालतो आणि सरकारने दिलेला तेवढा खुपतो, हा हिशेब मला पटत नाही.

तुमची चैन मात्र आकड्यांत किती होते ते सांगतो. साध्या कोलामध्ये 100 मिलिलिटरमागे साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 26 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे प्रौढासाठी साधारण 25 ग्रॅमपर्यंत, राहिली तर अधिक चांगले. दुसरी मर्यादा तुमची एक बाटलीच गाठते. घरचा चहा अजून हिशेबात धरलेलाच नाही. वडापावाची चिंता करू नका. तो खाल्ल्यावर रात्री एखादी पोळी कमी जाते; बाटली रिचवल्याने सहसा जात नाही. पेयातल्या साखरेने पोट भरल्यासारखे वाटत नाही, म्हणून जगभरच्या आरोग्य खात्यांचे लक्ष आधी पेयांवर गेले.

कराबाबत तुमची तक्रार रास्त आहे, पण तुम्ही दिलेल्या कारणासाठी नाही. आपला कर साखरेवर नाही, बुडबुड्यांवर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वायुयुक्त पेयांवर 40 टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याआधीही 28 टक्के कर आणि 12 टक्के उपकर मिळून बोजा तेवढाच होता. साखर अजिबात नसलेल्या कोलालाही तोच दर लागतो. उलट वायू नसलेल्या फळांच्या रसाच्या पेयांवरील कर त्याच दिवशी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, आणि त्यांतल्या कित्येक आंबापेयांत कोलाइतकीच किंवा थोडी अधिकच साखर असते. असा कर तिजोरी भरतो, पण उत्पादकाला साखर कमी करण्याचे काहीही कारण देत नाही. ब्रिटनने एप्रिल 2018 पासून लावलेला कर याच्या नेमका उलटा आहे : 100 मिलिलिटरमागे 5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काही नाही, 5 ते 8 ग्रॅमला लिटरमागे 18 पेन्स आणि त्यापुढे 24 पेन्स, असे त्याचे मूळ दर होते. घोषणा दोन वर्षे आधी झाली होती आणि तेवढ्या अवधीत अनेक कंपन्यांनी साखर 5 ग्रॅमच्या खाली आणली. ज्यांना जुनीच चव हवी होती, त्यांच्यासाठी मूळ कोला जास्त किमतीत का होईना, दुकानात राहिलाच. तुमच्या स्वातंत्र्याला यापेक्षा कमी धक्का लावणारा उपाय मला तरी ठाऊक नाही.

प्रश्न : माझे लालबागमध्ये छोटे दुकान आहे. 10 रुपयांची बाटली हमाल आणि डिलिव्हरीची पोरे घेतात. कर वाढला की मार गरिबालाच बसतो, मल्टिप्लेक्सवाल्याला काय फरक पडणार? – एक दुकानदार

उत्तर : मार गरिबाला जास्त बसतो, हे खरेच आहे. मेक्सिकोने 2014 मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, तेव्हा पहिल्या वर्षी खरेदी सरासरी 6 टक्क्यांच्या आसपास घटली आणि कमी उत्पन्नाच्या घरांत त्याहून अधिक. म्हणजे खिशाला झळ तिथेच लागली आणि साखरही तिथेच जास्त कमी झाली. मधुमेहाचा खर्च ज्याला सर्वांत कमी झेपतो, त्याच्या बाबतीत हे वाईट म्हणता येणार नाही. पण दुपारच्या उन्हात हातगाडी ओढणाऱ्याला जवळपास पिण्याच्या पाण्याचा नळ नसेल, तर नुसता कर म्हणजे दंडच होय. पूर्वी या शहरात दानशूर लोक पाणपोया बांधत. त्यांतील बऱ्याच आज कोरड्या आहेत. कराचा काही भाग त्यांच्यावर खर्च व्हावा, अशी मागणी व्यापारी संघटनांनी केली तर मी तिला पाठिंबा देईन.

प्रश्न : शाळेच्या फाटकासमोरच रंगीत गोड पेये विकली जातात. मुख्याध्यापक म्हणतात, फाटकाबाहेर आमचा अधिकार नाही. – एक पालक, भांडुप

उत्तर : मुलांच्या बाबतीत वैयक्तिक निवडीचा युक्तिवाद मी ऐकूनही घेणार नाही. महाराष्ट्र शासनाने 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत अशी पेये विकण्यास मनाई केली, आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या विनियमांनुसार शाळेच्या आवारात तसेच आवाराभोवती 50 मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. मुख्याध्यापकांना ही तरतूद दाखवा आणि शाळेच्या नावाने अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करायला लावा. अडचण एकच आहे. मुंबईत 50 मीटरांत दोन चाळी, एक किराणा दुकान आणि बसथांबा येतो, आणि तो किराणावाला शाळेच्याही आधीपासून तिथे असू शकतो. त्याला दुकान हलवायला कोणी सांगणार नाही. गणवेशातल्या मुलाला बाटली देऊ नये, एवढे तो पाळू शकतो. गुटख्यावर 2012 पासून बंदी असूनही तो टपरीवर मिळतो, हे पाहता नुसत्या नियमावर माझा फारसा भरवसा नाही. पालकांनी रोज विचारणा केली तर दुकानदार लवकर ऐकतो.

प्रश्न : जुलाबात मुलाला औषधाच्या दुकानातून ‘ओआरएस’ लिहिलेला फळांच्या चवीचा खोका आणून देत असे. त्यात साखर असते असे आता ऐकले. खरे आहे का? – एक आई, कांदिवली

उत्तर : खरे आहे. ओआरएस म्हणजे जुलाबात गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणारे द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) सूत्रानुसार त्याच्या एक लिटर पाण्यात ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असते आणि त्याबरोबर क्षार ठरलेल्या प्रमाणात असतात. चवीच्या खोक्यांत साखर याच्या कित्येक पट असायची, आणि जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. हे सूत्र न पाळणाऱ्या पेयांनी ती अक्षरे वापरू नयेत, असा आदेश ऑक्टोबर 2025 मध्ये निघाला आहे. तरी जुना माल कुठे पडून असू शकतो, म्हणून भुकटीचे पाकीटच मागा, त्यावर डब्ल्यूएचओचे सूत्र छापले आहे का ते पाहा, आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ते पूर्ण विरघळवा. मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली किंवा काहीच पोटात ठरत नसेल, तर मात्र घरी थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.