केबिनमधला आवाज घरी आला तेव्हा

"मावशी, चाकणच्या एका कारखान्यात मी एचआर मॅनेजर आहे. दोन आठवड्यांत २२ जणांना केबिनमध्ये बोलावून नोकरी गेल्याचं सांगितलं. १९ वर्षं काम केलेले एक काका एवढंच म्हणाले, 'मॅडम, कॅन्टीनचं कार्ड इथंच देऊ का?' परवा लेक रडत आली, मैत्रिणींनी खेळायला घेतलं नाही म्हणून. माझ्या तोंडून निघालं, 'तुझी अडचण मी समजू शकते.' ती बघतच राहिली. मला रडूही येत नाही, झोपही नाही. मी दगड झालेय का?"
– एक वाचक

अगं, लेकीला म्हणालीस ते वाक्य तुझं नाहीच. ते केबिनमधलं आहे. २२ वेळा तेच बोलून जिभेला वळण लागलं, आणि समोर कुणी रडलं की आता ते आपोआप येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद केली, ती आजार म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून. अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल मन आटणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची लक्षणं. तुझ्या पत्रात पहिली दोन तर स्पष्टच दिसतात. तुझ्या स्वभावाला बोल लावू नकोस.

यादी वरून आली, असं तू पुढे लिहिलंयस. मग तळतळाट एकट्या तुझ्या वाट्याला का? पुढच्या वेळी त्या-त्या खात्याच्या प्रमुखाला शेजारी बसव. निर्णय त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावा, हिशेबाचं आणि कागदपत्रांचं तू बघ. दिवसाला तिघांपेक्षा जास्त नकोत, हेही आत्ताच वरच्यांना मेल करून ठेव. कदाचित नाही ऐकणार. तरी मागायचं. सगळ्यांनी तुझ्याकडे यायचं आणि तू कुठे जायचं, हा प्रश्न कुणीतरी त्यांच्यापुढे ठेवायलाच हवा.

घरी सांगता येत नाही, गुप्ततेचं बंधन आहे, हे मला कळतं. पण नावं न घेता मन मोकळं करता येतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि झोपेचं मात्र अंगावर काढू नकोस, या आठवड्यातच डॉक्टरांना दाखव.

लेकीला आज मांडीवर घे. काही समजावू नकोस, कोण काय म्हणालं ते तिला सांगू दे.

काकांना फोन करावासा वाटतो, पण कुठल्या तोंडानं करू, असं विचारलंयस. काम घेऊन कर. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत हातात पडायला हवी. त्यांचा फॉर्म कुठे अडलाय ते आधी बघ, पीएफचं काही राहिलंय का तेही बघ, आणि मग फोन लाव.