20 पडूनही फटका फुसका

प्रश्न : आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. वाराच्या वीसबाजू फाशावर 20 पडल्यावरही क्रिटिकल, म्हणजे जबर फटक्यात डॅमेज (इजेचे गुण) फारच कमी निघतं. स्वतःचा नियम करावा का? 1 पडला तर शस्त्र हातातून निसटतं, हा आमचा नियम ठीक आहे का?

उत्तर : तक्रार रास्त आहे. मूळ नियमात डॅमेजचे फासे दुप्पट होतात, त्यांत मिळवायचा ठरलेला आकडा मात्र एकदाच धरतात. लाँगस्वोर्डचा (लांब तलवारीचा) साधा फटका आठबाजू फासा अधिक 3, म्हणजे जास्तीत जास्त 11. क्रिटिकलचे दोन्ही फासे मिळून 8 किंवा कमी, म्हणजे 3 धरूनही 11 च्या वर नाही, असं होण्याची शक्यता तब्बल 44 टक्के! उपाय सोपा : एक फासा पूर्ण 8 धरा, दुसरा टाका. सरासरी 12 वरून 15.5 वर जाते.

पण हा नियम राक्षसांना देऊ नका. ओगर या धिप्पाड राक्षसाच्या सोट्याला दोन आठबाजू फासे अधिक 4 असतात. या हिशेबाने त्याचा क्रिटिकल किमान 22 चा. 8 हिट पॉइंटचा (जीवनगुणांचा) पहिल्या पातळीवरचा जादूगार जागीच मरतो, कारण शून्यावर आल्यानंतर उरलेलं डॅमेज कमाल हिट पॉइंटइतकं झालं की वाचवण्याची संधीच नसते.

1 चा नियम मात्र काढूनच टाका. पाचव्या पातळीवरचा फायटर (योद्धा) एका खेपेला दोन वार करतो, विसाव्यावर चार. शस्त्र निसटण्याची शक्यता एका वारातल्या 5 टक्क्यांवरून चार वारांत साडेअठरावर जाते. जितका कसलेला योद्धा, तितका धांदरट. ठेवायचाच असेल तर खेपेतल्या फक्त पहिल्या वाराला लावा.