घरी बनवलेलं पिस्तूल जवळ बाळगू का?

"ताई, मी स्वतः बनवलंय, विकायचं नाहीये. मग जवळ बाळगायला काय हरकत आहे?"

अमेरिकेत मराठी कुटुंबांसोबत काम करताना हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे येतोच. या वेळी विचारणारा पस्तिशीतला इंजिनिअर होता (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). तीन महिन्यांपूर्वी रात्री पार्किंगमध्ये चाकू दाखवून त्याला लुटलं होतं. त्यानंतर मित्राकडे पडून असलेल्या, सुट्या भागांच्या जुन्या किटमधून त्याने पिस्तूल जुळवलं. ते घरी ठेवून आला होता, तरी बोलता बोलता उजवा हात सारखा कमरेकडे जायचा. खुर्चीही त्याने दाराकडे तोंड करून घेतली होती.

त्याचं अर्धं म्हणणं खरं होतं. फक्त स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, परवाना लागत नाही. पण काही राज्यांनी सिरियल क्रमांक नसलेल्या शस्त्रांवर बंदी घातली आहे. शिवाय बनवणं वेगळं आणि कमरेला लावून फिरणं वेगळं. त्याचे नियम राज्यागणिक बदलतात. हे सांगता सांगता मी सहज विचारलं, "तुमचा व्हिसा कोणता?"

"एच-वन-बी."

इथे मी थांबले. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर असलेल्याला, शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद सोडले, तर पिस्तूलच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. हा फेडरल गुन्हा आहे, शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि वर देशाबाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार. दुकानातून घ्यायला गेला असता तर फॉर्मवरच हा प्रश्न आला असता. घरी जुळवल्यामुळे त्याला कुणी विचारलंच नाही. मित्राकडे ग्रीन कार्ड होतं, त्याला ही बंदी नव्हती. त्याच्यावर विसंबून हा निर्धास्त राहिला.

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आजच पोलिसांकडे नेऊन देऊ?"

"नको. गाडीत घालून कुठेही नेऊ नका. आधी वकिलाला फोन करा. फौजदारी आणि इमिग्रेशन, दोन्ही समजणारा हवा. कुठे, कसं सोपवायचं ते तेच ठरवतील."

मग कायदा बाजूला ठेवला आणि झोपेचं विचारलं. रात्री तीनपर्यंत जागा असायचा. पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर दोनदा अडकलं होतं, तरी उशाशी असायचं. ऐन वेळी चालेल याची खात्री नाही, हातातून पडलं तर आपोआप सुटणार नाही याचीही नाही, आणि घरात चार वर्षांची मुलगी. मी स्पष्टच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" अमेरिकेत बंदुकीने होणारे निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे असतात. घरात बंदूक आणि डोळ्याला डोळा नाही, असं असेल तर मी हा प्रश्न टाळत नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एकदा मनात आलं होतं." त्याच्याच फोनमध्ये आम्ही ९८८ हा आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर सेव्ह केला. पत्नीला बोलावून घ्यायचंही त्यानेच ठरवलं.

त्याच दिवशी माझ्यासमोर बसून त्याने वकिलाला फोन लावला. पुढच्या आठवड्यात पिस्तूल घरातून गेलं होतं. मग आम्ही पार्किंगच्या भीतीला हात घातला. तिथे पुन्हा जायचं: आधी दिवसाउजेडी पत्नीसोबत, मग एकट्याने, मग अंधार पडल्यावर सहकाऱ्याबरोबर. सहाव्या भेटीत तो दाराकडे पाठ करून बसला. हात अजूनही मधूनच कमरेकडे जातो.