भुताला सोलापुरी चादर द्या

मागच्या अंकात लिहिलं होतं, ‘शाई आणि जलरंगात गमतीची, थोडी घाबरवणारी चित्रं काढून बघा, अडलं तर कळवा.’ बरीच पत्रं आली. बहुतेकांची तक्रार एकच, शाई पसरली. म्हणून आधी तेच घेतो.

प्रश्न : सर, मुलाच्या फाउंटन पेननं पिंपळावरचा मुंजा काढला. छान जमला होता. वरून रंगाचा ब्रश फिरवला आणि सगळा काळानिळा चिखल झाला. कागद बदलू की ब्रश? (एक गृहिणी, जुळे सोलापूर)

ताई, दोन्ही राहू द्या, शाई बदला. फाउंटन पेनच्या शाईतला रंग पाण्यात विरघळलेला असतो. वाळला तरी पुन्हा पाणी लागलं की सुटतो. ज्या बाटलीवर ‘वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक’ लिहिलेलं असतं तिच्यात काजळीचे बारीक कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारा लाखेसारखा पदार्थ. ती एकदा पक्की वाळली की पाण्याला दाद देत नाही. मात्र ती टाकानंच, म्हणजे शाईत बुडवून वापरायच्या निबानंच वापरायची. फाउंटन पेनात भरलीत तर पेन तुंबेल आणि मुलगा तुमच्यावर चिडेल, तेही रास्तच. टाक नको असेल तर पिगमेंट शाईचं, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांच्या शाईचं पेन घ्या. त्यावर ०१ लिहिलेलं असेल तर रेघ साधारण पाव मिलिमीटरची, ०५ असेल तर त्याच्या जवळपास दुप्पट जाड. घरात पडलेलं कुठलंही पेन आधी रद्दी कागदावर ओढा, वाळू द्या, ओलं बोट फिरवा. निकाल तिथल्या तिथे लागतो. आणि टाकाची जाड रेघ वरून कोरडी दिसली तरी आत ओली असते, तेव्हा घाई नको.

पण ते फाउंटन पेन परत करू नका. माझ्या मते या प्रकाराची खरी मजा त्याच्यातच आहे. एका चित्रात दोन शाया वापरा. पिंपळ, पार, पारावर विसरलेली चप्पल, हे सगळं वॉटरप्रूफ शाईनं. मुंजा तेवढा फाउंटन पेननं. वाळल्यावर स्वच्छ ओला ब्रश मुंजाच्या गुडघ्यापासून खाली एकदाच ओढा. शेंडी, डोळे, लंगोटी जशीच्या तशी, आणि पाय मात्र धुरासारखे विरून गेलेले. पार जागच्या जागी घट्ट असतो म्हणूनच मुंजा सुटा वाटतो. काही काळ्या शाया पाणी लागलं की फुटतात आणि कडेला निळसर किंवा तपकिरी झाक सोडतात. मुद्दाम काढायला गेलात तर ती जमणार नाही. फक्त ही शाई उन्हात फिकी पडते. चित्र खिडकीसमोर टांगू नका.

प्रश्न : माझं प्रत्येक भूत परदेशी कार्टूनसारखं होतं. पांढरी चादर, दोन गोल भोकं. आपलं भूत कसं काढायचं? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अशोक चौक परिसर)

अरे, अशोक चौकात राहतोस आणि भुताला पांढरी चादर देतोस? आजूबाजूला माग खडखडतायत. सोलापुरी चादर दे त्याला! मोर, वेलबुट्टी, काठ, दशा, सगळ्यासकट.

आधी पेन्सिलनं नुसता झोळ काढ. डोक्यावरून कापड कुठे पडतं, कुठे मोडतं, जमिनीला कुठे लागतं. नक्षी नंतर. घडी पडते तिथे मोर अर्धा गायब झाला पाहिजे आणि पलीकडच्या घडीवर त्याची मान थोडी सरकून निघाली पाहिजे. नक्षी सरळ सपाट काढलीस तर आत कोणी नाही, चादर दोरीवर वाळत घातलीय असंच दिसेल. घरातली चादर खुर्चीवर टाकून समोर बस. एक कोपरा उलटून बघ. दुरंगी जॅकार्ड, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या चादरीच्या उलट बाजूला बहुधा रंगांची अदलाबदल दिसते. चित्रातही एक कोपरा उलटा पडलेला दाखव, मग चादरीला जाडी येईल. रंग पातळ दे, एक थर वाळल्यावर दुसरा. घड्यांच्या खोलात थोडा निळसर करडा. डोळे काढूच नकोस. चादरीखालून एक हात बाहेर आलेला, त्यात कडक भाकरीचा तुकडा, समोर वाटीत शेंगाचटणी. भुताला काहीतरी काम दिलं की ते गमतीचं होतं. नुसतं उभं राहून ‘हूऽऽ’ करणारं भूत मला तरी कंटाळवाणं वाटतं.

आणि आपल्याकडे काय एकच भूत आहे? मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला पोरगा, म्हणजे त्याला पोरासारखंच वागव. हडळीची पावलं उलटी, तर तिच्या चपला घालायच्या कशा, याचंच एक चित्र होईल. वेताळ अमावास्येला सगळा लवाजमा घेऊन निघतो. त्यात मागे राहिलेलं, धापा टाकणारं एक छोटं भूत काढ. चकव्याला तर अंगच नाही, तो फक्त वाट चुकवतो. त्याला काढायचं तर सात रस्ता चौक काढ, सातही रस्ते वळून त्याच चौकात येतात असा. मधोमध स्कूटरवर एक गृहस्थ, पिशवीत कोथिंबीर. भूत कुठेच नाही. तुझ्या यादीतलं हे चित्र मी आधी बघायला मागेन.

प्रश्न : आजी म्हणते, घरात भुतांची चित्रं नकोत. (इयत्ता आठवी)

आजीचं ऐक, चित्रं वहीत ठेव, भिंतीवर नको. आणि तिलाच विचार, तिच्या गावात कुठल्या विहिरीवर, कुठल्या झाडावर काय होतं. ती नको म्हणता म्हणता तासभर सांगेल, तू लिहून घे.

प्रश्न : उन्हाळ्यात रंग एकमेकांत मिसळायच्या आतच वाळतात. धुकं काढायचं तर डाग पडतात. (बँक कर्मचारी, विजापूर रोड)

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, त्याला तुम्ही तरी काय करणार. पहाटे बसा. पंखा बंद, कूलरचा झोत कागदावर नको. कागद जाड, निदान ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) घ्या. साधा कार्ट्रिज कागद पाण्यानं फुगतो आणि रंग खड्ड्यांत साचतो. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून गुळगुळीत फरशीवर किंवा काचेवर चिकटवा. खालूनही ओल राहते, त्यामुळे वेळ मिळतो. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाकले तरी वाळणं लांबतं. जास्त टाकलंत तर चित्र चिकट राहील.

तुम्ही म्हणता ते डाग अर्धवट वाळलेल्या रंगावर जास्त पाणी पडलं की होतात. पाणी रंगाला कडेला ढकलतं आणि फुलकोबीसारखी कड उमटते. धुक्यात ती नको. जुन्या गिरणीच्या ओल धरलेल्या भिंतीवर मात्र हवीच, तिथे मुद्दाम पाडा. खडेमीठही बघा. रंगाची चकाकी जायला लागली की चार खडे टाका, पूर्ण वाळल्यावर झटका. प्रत्येक खड्याभोवती फिकट चांदणी उमटते. आपल्या उन्हात ही चकाकीची वेळ फार थोडी टिकते, मीठ आधीच हाताशी ठेवा.

प्रश्न : भुईकोट किल्ल्याचं रात्रीचं चित्र काढते. काळा रंग दिला की सगळं मेलेलं दिसतं. (शिक्षिका, बाळे)

काळी वडी पेटीतून काढून ठेवा. अल्ट्रामरीन ब्ल्यू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. निळा जास्त तर थंड अंधार, सिएना जास्त तर ऊबदार. अल्ट्रामरीनचे कण खडबडीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि अंधाराला आपोआप पोत येतो. बुरुजांच्या रेघा वॉटरप्रूफ शाईनं आधीच काढून घ्या. सगळ्या दगडांना रेघा देऊ नका, पाच-सहा ठिकाणी चिरे दाखवा, बाकी तट अंधारात जाऊ द्या. तलावातलं चांदणं हवं असेल तर रंगाआधी कागदावर मेणबत्ती घासा. मेण मग निघत नाही, तेव्हा जागा ठरवूनच घासा.

बुरुजावर एक कंदील ठेवणार असाल तर पिवळा आधी द्या आणि पूर्ण वाळू द्या. आकाशाचा निळा थेट पिवळ्याला भिडवलात तर मध्ये हिरवं येईल. दोघांच्या मध्ये सिएनाची पातळ पट्टी ठेवा. हिरवंच हवं असेल, म्हणजे कंदील कोणी धरलाय हे सांगायचं नसेल, तर मग खुशाल भिडवा.