‘पोट्टा हरिपाठाले बसत नाही’

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा देवधर्मापासून अचानक दूर जाऊ लागला की आपल्याकडचे पालक हवालदिल होतात. ज्या घरात संध्याकाळचा हरिपाठ किंवा सामुदायिक प्रार्थना, एकादशीचा उपवास आणि शेगावची वारी हा रोजच्या जगण्याचाच भाग आहे, तिथे मुलाने ‘मला पटत नाही’ म्हणणे म्हणजे घराण्याचे वळणच सुटणे, असे त्यांना वाटते. ग्रामीण भागात समुपदेशन करताना अभ्यास आणि मोबाइल यांच्या खालोखाल हीच काळजी माझ्यापुढे येते. मुलींच्या बाबतीत ती सहसा उघडपणे मांडली जात नाही. तिथे ती ‘सासरी कसं निभेल’ या चिंतेत मिसळलेली असते, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एका मुलाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

अमरावती जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागातले, एक गाव, कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. वडील माळकरी. त्यांचा मुलगा निखिल दहावीत होता आणि लहानपणापासून भजनात मृदंग वाजवत असे. वडिलांनी खुर्चीवर बसता बसताच सांगायला सुरुवात केली, “मॅडम, पोट्टा हरिपाठाले बसत नाही. माळ काढून खुटीले टांगली. विचारलं तं म्हणे, मले पटत नाही. तुमीच सांगा, संस्कार कुठी कमी पडले?” आई शेजारी बसून पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. निखिल बाहेरच्या बाकावर बसला होता.

अशा वेळी श्रद्धेची चर्चा मी आधी करत नाही. मुलगा फक्त देवापासून दूर गेला आहे की सगळ्यांपासूनच, हे प्रथम पाहावे लागते. झोप उडणे, भूक मरणे, मित्र तुटणे, आवडत्या गोष्टींत मन न लागणे, मरणाचे बोलणे, अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकून असतील तर प्रश्न धर्माचा उरत नाही, तो आजाराचा होतो, आणि मरणाचे बोलणे कानावर आले तर दोन आठवडे थांबायचेही कारण नाही. त्यासाठी तज्ज्ञाची मदत घ्यावी. टेलिमानस ही शासनाची मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर खेड्यातूनही लागते. निखिलच्या बाबतीत तसे काही नव्हते. तो नीट जेवत होता, सुटीच्या दिवशी कापूस वेचायला जात होता, मित्रांत रमत होता. तो घरात बोलत नव्हता, एवढेच.

एकट्याशी बोलताना तो बराच वेळ गप्प राहिला. मग गावातल्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगू लागला. काल्याचे कीर्तन झाले होते आणि त्यात महाराजांनी भेदाभेदाला अमंगळ म्हटले होते. नंतर महाप्रसादाची पंगत बसली. बुंदीची बादली निखिलच्या हातात होती. त्याच्या वर्गातला एक मित्र गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतून आला होता आणि पंगतीत बसू लागला, तेव्हा एक वडीलधारा गृहस्थ निखिलला हळूच म्हणाला, “ही पंगत उठू दे, मंग त्याहिले बसव.” मित्राने ते ऐकले आणि तो न जेवताच निघून गेला. निखिलने बादली खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी माळ खुंटीला गेली. हे घरी का सांगितले नाही, असे विचारल्यावर तो एवढेच म्हणाला, “बाबा तिथंच उभे होते.”

किशोरवयाच्या अभ्यासात स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचे एक निरीक्षण इथे उपयोगी पडते. साधारण अकरा-बारा वर्षांच्या पुढे मुलांना अमूर्त विचार करता येऊ लागतो. जे समोर आहे त्यापलीकडे जाऊन जे असायला हवे होते त्याची कल्पना ती करू शकतात, आणि मग आदर्श व व्यवहार यांतली तफावत त्यांच्या डोळ्यांत खुपू लागते. सात वर्षांचा मुलगा कीर्तनातले ऐकतो आणि पंगतीतले पाहतो, पण दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघत नाही. पंधरा वर्षांचा ताडून बघतो, आणि या वयात निवाडा देण्याची घाईही असते, त्यामुळे एका पंगतीवरून तो सगळा हरिपाठच खोटा ठरवून मोकळा होतो. मात्र त्याने कोणत्या मापाने मोजले, हे पाहिले पाहिजे. ते माप त्याला कीर्तनातच मिळाले होते. ‘संस्कार कुठे कमी पडले’ असे विचारणाऱ्या बापाला मला हेच सांगायचे होते की मुलाने संस्कार मनावर घेतले, म्हणूनच हे घडले.

दरम्यान घरात जे चालले होते ते जास्त काळजीचे होते. वडिलांनी अबोला धरला होता. निरोप आईमार्फत जात. आईने गुरुवार धरले होते आणि ताट वाढताना ती दर वेळी “तुझ्यापायीच उपाशी हाओ मी” असे म्हणत असे. माया काढून घेऊन किंवा अपराधी वाटायला लावून मुलाला वळवण्याच्या या पद्धतीला अमेरिकी संशोधक ब्रायन बार्बर यांच्या १९९६ च्या निबंधात मानसिक नियंत्रण म्हटले आहे आणि वागण्यावरच्या नियंत्रणापासून ते वेगळे धरले आहे. रात्री कितीला घरी यायचे, कोणाची मोटरसायकल घ्यायची नाही, हे ठरवणे म्हणजे वागण्यावरचे नियंत्रण. योग्य प्रमाणात ते मुलांना सावरते. मानसिक नियंत्रणाचा संबंध मात्र मुलांच्या खिन्नतेशी आणि आत्मविश्वास कमी होण्याशी वारंवार आढळला आहे.

इथे एक पथ्य मी पाळते. पाश्चात्त्य अभ्यासांत ज्याला धाकाचे पालकत्व म्हणतात, ते आपल्याकडे जसेच्या तसे लावू नये. मानसशास्त्रज्ञ रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांबद्दल दाखवून दिले होते की त्यांच्या कडक शिस्तीत माया आणि घडवण्याची जबाबदारी गुंतलेली असते. वऱ्हाडातला बाप मुलाला प्रेमाने जवळ घेऊन बोलत नाही म्हणून तो निर्दय ठरत नाही. पण अबोला हा कुठल्याच मुलखात शिस्तीचा भाग नसतो, आणि हे मी वडिलांना स्पष्ट शब्दांत सांगितले.

त्यानंतर आम्ही एक साधे काम केले. तक्रारींची वाटणी केली. मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांच्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट अशी की आईबाप ज्याला रीतीचा किंवा नीतीचा प्रश्न समजतात, त्यातले बरेचसे मुलांना स्वतःचा खासगी प्रश्न वाटते, आणि घरातली बहुतेक भांडणे या सीमेवरच होतात. खोटे बोलणे, आजीच्या पूजेची टिंगल करणे, कोणाला दुखावणे हा नीतीचा भाग. त्यात सूट नाही, आणि निखिललाही ते मान्य होते. दिंडी दारात आली की घरातल्या सर्वांनी उभे राहायचे, ही घराची रीत. ती पाळायला त्याची हरकत नव्हती. माळ घालणे, उपवास धरणे आणि मनात नाम घेणे हे ज्याचे त्याचे, इथवर येताना वडिलांना जड गेले. “माळ म्हंजे का शर्ट हाय का, मनात आलं तं घातला?” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण बळजबरीने घातलेल्या माळेचे पथ्य कोण पाळणार, असे मी विचारले तेव्हा त्यांनी वाद वाढवला नाही.

तिघे एकत्र बसले तेव्हा पंगतीची गोष्ट निखिलने स्वतः सांगितली. आईला ती नवीन होती. वडिलांना नव्हती. ते थोड्या वेळाने म्हणाले, “मले दिसलं होतं. मले बी ते पटलं नव्हतं. पण मंडळातले समदे आपलेच लोक, कोणाकोणाले तोंड द्याव?” बापाला पटले नव्हते, हे मुलाला तोवर ठाऊकच नव्हते. माझ्या मते त्या सगळ्या भेटींत यापेक्षा महत्त्वाचे दुसरे काही बोलले गेले नाही.

अबोला सुटला. आईने गुरुवार चालू ठेवले, पण निखिलचे नाव त्यातून काढले. पुढच्या सप्ताहाच्या बैठकीत वडिलांनी पंगत एकच असावी असा विषय मांडला. काहींनी मान डोलावली, काहींनी ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून तो ढकलला. निखिल मधूनमधून मृदंगावर बसतो, हरिपाठाला रोज येत नाही, आणि माळ त्याने घातलेली नाही.

शेवटच्या भेटीत वडिलांनी विचारले, “पुढं घालन का तो माळ?” मी हो म्हटले नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंगटसन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांचा १९७० पासून काही दशके पिढ्यान्‌पिढ्या मागोवा घेतला, तेव्हा पुढच्या पिढीत श्रद्धा टिकण्याशी आईबापांच्या, आणि त्यातही विशेषतः वडिलांच्या, जवळिकीचा ठळक संबंध दिसला. ती कुटुंबे मुख्यतः ख्रिस्ती आणि ज्यू होती, त्यामुळे ते निष्कर्ष माळकरी घराला जसेच्या तसे लागू होतील असे नाही, हेही मी त्यांना सांगितले. माळ घालणे आता निखिलच्या मनावर आहे, तुमच्या हातात आहे ते त्याच्याशी बोलत राहणे, एवढे उत्तर मी दिले. “बोलतो तं मी आता,” ते म्हणाले, आणि बाराच्या एसटीची वेळ झाली म्हणून उठले.